थोरले बसलेत

केवळाबाई लग्न होऊन वाडीवर आली त्याला बरीच वर्षं झाली होती. तिची पोरगी नांदायला गेली, पोरगा मेंढरांमागे जायला लागला, पण थोरले दीर मुंजाजी यांच्याशी ती अजून एक शब्दही थेट बोलली नव्हती. भांडण मुळीच नव्हतं. रीत तशी होती. धाकट्याच्या बायकोने थोरल्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, बाजेवर बसायचं नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही. थोरल्यांनीही तिच्याकडे तोंड करून बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर मधल्या माणसाला सांगायचं, आणि मधलं माणूस नसलं तर मधल्या वस्तूला.

"हंड्याला सांगतो, आज मेंढरं वढ्याकडं न्यायची हायेत," मुंजाजी म्हणायचे, आणि केवळाबाई हंड्याकडे बघून मान हलवायची.

परक्या माणसाला हे बघून हसू आलं असतं. वाडीवर कुणी हसत नव्हतं. उलट म्हणायचे, मुंजाजीच्या घरची रीत बघावी. हे मुंजाजी सत्तरीला आलेले, पण त्यांचे कान असे होते की अंधारात कोकरू ओरडलं तर ते कुठल्या मेंढीचं, हे ते आवाजावरून सांगत.

दिवाळीपासून केवळाबाईच्या पोटात कळा येऊ लागल्या. शौचाला रक्त पडायचं. हे बोलायचं कुणाशी? तिने नवऱ्याला, रायभानलाही सांगितलं नाही. शेवटी एक दिवस ती मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी, वाघरापाशी चक्कर येऊन पडली तेव्हा थोरल्या जाऊबाईने, कासाबाईने, तिला दटावून सगळं काढून घेतलं. परभणीला नेऊन आतड्यात पांढरं औषध सोडून फोटो काढला. मोठ्या आतड्यात, डाव्या अंगाला, लिंबाएवढी गाठ होती.

गाठ म्हणताच घरातल्या सगळ्यांनी एकच आजार मनात धरला आणि तोंडाने कुणीच त्याचं नाव घेतलं नाही. केवळाबाईला मात्र त्या आजाराची तेवढी धास्ती नव्हती जेवढी पोट उघडण्याची होती. ती लहान असताना तिच्या आईचं पोट एका लांबच्या दवाखान्यात उघडलं होतं. आई बैलगाडीत बसून गेली होती आणि आडवी होऊन आली होती. तिच्या अंगावरचं पांघरूण गाडी हलली की हलायचं, तेव्हा पोरीला वाटलं होतं की आई हलते आहे.

"मी मरंन," ती रायभानला म्हणाली, "पर पोट कापू देनार न्हाई. आदीच सांगून ठिवते."

परभणीच्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात महिन्यातून एकदा औरंगाबादहून डॉक्टर मानवतकर यायचे. त्यांच्याजवळ वाकणारी दुर्बीण होती. लांब काळी नळी, पुढच्या टोकाला उजेड. ही नळी खालच्या वाटेने मोठ्या आतड्यात सरकवली की आतलं सगळं डोळ्याने दिसतं, आणि गाठ देठावर असली तर तारेचा फास टाकून, फासातून वीज सोडून ती तिथल्या तिथे तोडता येते. पोटाला सुरी लागत नाही.

"पोटाला सुरी लागत न्हाई," हे एवढंच केवळाबाईने ऐकलं आणि ती हो म्हणाली.

रायभानला सोबत येता आलं नाही. मेंढरं गंगाखेडच्या बाजूला, ऊस तुटलेल्या रानात बसवलेली होती आणि त्यातल्या निम्म्या मेंढ्या विण्याला आलेल्या. म्हणून मुंजाजी निघाले. निजामाच्या काळात ते हैदराबादपर्यंत जाऊन आलेले, दवाखाने-कचेऱ्यांत न बुजणारे. कासाबाई घरचं आवरून दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने येणार होती.

निघताना रायभानने थोरल्या भावाचे पाय धरले. "दादा, तिला यकटी सोडू नका. ती भेते."

"जाग्यावरून हलनार न्हाई," मुंजाजी म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे रायभानला माहीत होतं. केवळाबाईलाही माहीत होतं.

ते जानेवारीचे दिवस होते, चौऱ्याण्णव सालचे. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाल्याची बातमी आली होती. कुठे गुलाल उधळला जात होता, कुठे टायर जळत होते. कासाबाईची एस.टी. जिंतूरहून सुटलीच नाही. दुसरी सिस्टर कामावर येऊ शकली नाही म्हणून मनकर्णा सिस्टर एकटीच सगळा दवाखाना बघत होती. दोन खाटांच्या खोलीत दुसरी खाट रिकामी होती. केवळाबाई एका खाटेवर, आणि तिच्या पायथ्याशी, भिंतीकडे तोंड करून, घोंगड्यावर मुंजाजी.

आदल्या दिवशी तिला एरंडेल देऊन, मिठाचं पाणी पाजून पोट साफ केलं होतं. सकाळी आत नेलं. कुशीवर झोपवलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं. पुढचं तिला तुटक तुटक आठवत होतं. डॉक्टर एक डोळा मिटून नळीच्या टोकाला डोळा लावून होते. त्यांना दिसली ती गाठ पिवळसर, गुळगुळीत. त्यांनी चिमट्याच्या टोकाने ती दाबली. गाठीला खळगा पडला आणि हळूहळू भरून आला, उशी दाबल्यावर येतो तसा.

"चरबीची गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "वाईट नाही ही. देठही आहे."

पण त्यांचं काम सोपं नव्हतं. चरबीतून वीज सहज जात नाही. फास आवळून धरावा लागतो, वीज जास्त वेळ सोडावी लागते, आणि तेवढ्या वेळात आतड्याच्या पातळ भिंतीला चटका बसू शकतो. चटका खोल गेला तर भोक पडतं, आतली घाण पोटात पसरते, आणि मग पोट तातडीने उघडावंच लागतं. डॉक्टर मानवतकरांच्या कपाळावर थंडीतही घाम होता. गाठ तुटली, चिमट्यात धरून बाहेर आली. भिंतीवर चटक्याचा पांढरा डाग राहिला होता. तो त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा होता.

खोलीत आणल्यावर ते खाटेशी उभे राहिले आणि सगळ्यांना समजेल असं बोलले. ते तसेच होते, समजावून सांगणारे.

"बाई, गाठ निघाली. आता संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. नीट ऐका. आतडं चिकटलेलं असतं, रिकाम्या पिशवीसारखं. आतलं दिसावं म्हणून आम्ही त्यात हवा भरतो, सायकलच्या ट्यूबमध्ये भरतो तशी. ती हवा आता खालून जाईल. जाऊ द्यायची. अडवायची नाही. लाजायचं नाही."

केवळाबाईने पदर नाकापर्यंत ओढला. मुंजाजी छताकडे बघू लागले.

"बाबा, तुम्हीही लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले. "पोट फुगलं, दुखलं तर लगेच सिस्टरला हाक मारा."

"मी हितंच हाय, डाक्टरसाब," मुंजाजी छताला म्हणाले. "हलनार न्हाई."

"शाबास. असा माणूस पाहिजे जवळ."

ऊन खिडकीतून खाटेवर आलं तशी केवळाबाईची गुंगी उतरली आणि पोटात पहिली हवा सरकली. तिने दोन्ही पाय एकमेकांवर आवळले आणि श्वास धरला. खोलीत एवढी शांतता होती की मुंजाजींच्या हातातली सुपारी अडकित्त्यात कटकन तुटली ती खोलीभर ऐकू आली. जो माणूस कळपातलं कोकरू आवाजावरून ओळखतो, त्याच्यापासून चार हातांवर ती पडली होती.

हवा परत वर सरकली. कळ आली. गेली. पुन्हा हवा खाली आली. तिने पुन्हा आवळून धरलं.

थोड्या वेळाने ती खाटेजवळच्या तांब्याकडे तोंड करून म्हणाली, "तांब्याला सांगते, थोरल्यानी जरा भाईर जाऊन च्या पिऊन यावं."

मुंजाजींना बरं वाटलं. एवढ्या दुखण्यातही पोरीला आपली काळजी आहे. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तांब्याला सांगतो, च्या नगं. रायभानला शब्द दिलाय."

"हाटेलीत भजे भी असत्याल, म्हणावं."

"बाजार बंद हाय, म्हणावं."

कळ आली, गेली. पुढे ती म्हणाली, "ऊन चांगलं पडलंय भाईर. थोरल्याच्या गुडघ्याला बरं."

"गुडघा चांगला हाय."

मुंजाजींनी घोंगडं जरा खाटेच्या आणखी जवळ ओढलं. पोरगी भेदरली आहे, म्हणून बोलत राहते आहे, असं त्यांना वाटलं.

दुपारनंतर मनकर्णा सिस्टर नाडी बघायला आली. हात पोटावर ठेवून ती थबकली. "मावशी, पोट तर फुगलंय. दुखायलंय?"

केवळाबाईने मान हलवली. हो.

सिस्टर डॉक्टरांना घेऊन आली. ते त्याच दिवशी परत जाणार होते, पण रस्ता बंद असल्याने दवाखान्यातच होते. त्यांनी पोटावर बोटं टेकवली. पोट नगाऱ्यासारखं ताठ. डाव्या बाजूला दाबलं तसं केवळाबाईच्या तोंडून हुंकार निघाला.

"हवा गेली का, बाई?" डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं.

पायथ्याशी मुंजाजी बसलेले होते. अडकित्ता थांबला होता.

केवळाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा प्रश्न लवकर संपावा एवढंच तिला हवं होतं. नाही म्हटलं तर डॉक्टर आणखी काही विचारतील, आणखी मोठ्याने विचारतील, थोरल्यांसमोर. तिने मान डोलावली. हो, गेली.

"गेली? नक्की?"

तिने पुन्हा मान डोलावली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. एवढीशी खोटी मान हलवून आपण काय केलं, हे तिला तेव्हा कळलं नाही. हवा गेली नाही असं तिने सांगितलं असतं तर फुगलेल्या पोटाचं कारण समोर होतं. नळी सरकवून ती काढायचा विचार तरी झाला असता, जखम ताजी असली तरी. पण हवा गेली आहे आणि तरी पोट फुगतं आहे, दुखतं आहे, नाडी पळते आहे, म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने एकच अर्थ राहत होता. तो पांढरा डाग.

"फोटो काढू," ते म्हणाले. उभं करून फोटो काढला की आतड्याबाहेर हवा सुटली आहे का ते दिसतं. पण चारच्या सुमाराला वीज गेली ती आली नाही. दवाखान्याच्या जनरेटरवर ऑपरेशनच्या खोलीतले दिवे लागायचे, फोटोचं मशीन चालत नसे.

डॉक्टर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. दवाखान्याच्या सर्जनना निरोप गेला. ऊन खिडकीवरून उतरून अंगणातल्या हापशावर गेलं. केवळाबाईला आता कळ आणि कळ यांच्यातली फट सापडत नव्हती. तिने पदराचा बोळा दातात धरला होता. मुंजाजींना तिचं तोंड दिसत नव्हतं, पण त्यांना तिचा श्वास ऐकू येत होता, धरलेला आणि सोडलेला. विताना अडलेल्या मेंढीसारखा, त्यांच्या मनात आलं, आणि ते घाबरले.

"तांब्याला सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला, "धीर धरावा म्हणावं. मी हाय. मी कुटं जात न्हाई."

हे ऐकून केवळाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दिवस मावळायच्या आधी डॉक्टर आत आले. या वेळी ते खाली वाकून मुंजाजींच्या शेजारी बसले.

"बाबा, मला हे सांगायला जड जातंय. आत भोक पडलं असावं. हवा गेली असं त्या म्हणतात, तरी पोट फुगतंच आहे. याचा अर्थ तोच. फोटोची वाट बघत रात्र घालवली तर विष पसरेल. सर्जन आले की पोट उघडतो. तुमचा अंगठा लागेल."

मुंजाजींनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिनं नगं म्हटलं हुतं. पोट नगं म्हटलं हुतं."

"मला माहीत आहे."

"धाकट्याला काय तोंड दावू मी?"

"बाबा, उघडलं नाही तर त्यालाही दाखवायला काही राहणार नाही."

डॉक्टर गेले. मनकर्णा सिस्टर साबणाचं पाणी आणि वस्तरा घेऊन आली. पोटावरची लव काढायची होती. "बाबा, तोंड तिकडं करा," ती म्हणाली, आणि मुंजाजी होते त्याहून अधिक भिंतीकडे वळले. पण उठले नाहीत.

केवळाबाईच्या पोटाला ओलं फडकं टेकलं. गार. तिला आईचं पांघरूण आठवलं, गाडीबरोबर हलणारं. आणि त्याच क्षणी डॉक्टरांचं वाक्य तिच्या डोक्यात नीट लागलं. हवा गेली असं त्या म्हणतात. आपणच म्हणालो. आपल्या मानेवरून हे सगळं चाललं आहे, आणि मान परत फिरवायची तर तोंड उघडावं लागेल, इथे, यांच्यासमोर. सिस्टरच्या कानात सांगावं तर खोली एवढी लहान आणि ते कान असे.

सिस्टरने वस्तरा उघडला.

"थांब बाई," केवळाबाई म्हणाली. मग ती तांब्याकडे वळली. पदर खाली घसरला होता, तो तिने सावरला नाही. "तांब्याला सांगते," ती म्हणाली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "मघा म्या खोटी मान हालवली. हवा गेली न्हाई. सकाळधरनं धरून ठिवलीय." तिला पुढचं बोलवेना. मग तेही बोलली. "कशी जाऊ दिऊ? थोरले बसलेत."

मनकर्णा सिस्टरचा हात तसाच राहिला. ती स्वतःही कुणाच्या तरी घरची धाकटी सून होती. ती हसली नाही. तिने फक्त भिंतीकडे बघितलं.

मुंजाजी उठले. घोंगडं उचललं नाही, काठीही घेतली नाही. सबंध दिवसात पहिल्यांदा ते त्या जागेवरून हलले, आणि खोलीबाहेर पडले ते इतक्या भराभर की चौकटीला त्यांचा खांदा आपटला. सिस्टरने दार लावून घेतलं.

थोड्याच वेळात अंगणातला हापसा करकरू लागला. जुना हापसा होता, तेल न घातलेला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात असे.

"ओ बाबा!" वॉर्डबॉय व्हरांड्यातून ओरडला. "खाली भांडं कुटंय? पानी वाया चाललंय की!"

मुंजाजी हापसत राहिले.

"बाबा, ऐकू येईना का? चिखल करायलाव सगळीकडं!"

"गप बसू नगं," मुंजाजी ओरडले, "वरड, वरड आनकी मोठ्यांदा!" आणि दोन्ही हातांनी दांडा खालीवर करू लागले. पाणी दगडावरून वाहत तुळशीपर्यंत गेलं. वॉर्डबॉय डोक्याला हात लावून उभा राहिला.

हापसा बऱ्याच वेळाने थांबला, तेव्हा सिस्टर व्हरांड्यात येऊन, डॉक्टरांना खरं काय ते सांगून आत घेऊन गेली होती. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. दाबलं. पुन्हा दाबलं. ताठपणा उतरला होता. डावीकडे अजून दुखत होतं, पण बोट आत जात होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि नाडी धरून बसून राहिले.

"आत्ताच काही नक्की म्हणत नाही," ते शेवटी म्हणाले. "सर्जन आले की त्यांना बसवून ठेवतो. वीज येऊ दे."

वीज आली तेव्हा दिवेलागणीची वेळ टळून गेली होती. केवळाबाईला दोघांनी धरून मशीनपुढे उभं केलं. ओला फोटो डॉक्टरांनी दिव्यापुढे धरला. ते इतका वेळ बघत राहिले की मुंजाजींना वाटलं, आता काहीतरी वाईट सांगणार. मग त्यांनी फोटो खाली केला.

"बाहेर हवा नाही. भोक नाही."

त्यांनी वस्तरा आणि साबणाचं पाणी परत न्यायला सांगितलं. मग एक बाटली आणून मुंजाजींना दाखवली. औषधाच्या पाण्यात गाठ तरंगत होती, बुडत नव्हती. "चरबी आहे म्हणून तरंगते. तरी औरंगाबादला तपासायला पाठवतो. उत्तर येईपर्यंत मी शंभर टक्के बोलत नाही." मुंजाजींनी बाटली हातात घेतली नाही. लांबूनच बघितलं आणि मान हलवली.

रात्री ते खोलीत झोपले नाहीत. घोंगडं त्यांनी उंबऱ्याबाहेर टाकलं, खोलीकडे पाठ करून.

सकाळीही एस.टी. चालू झाली नव्हती. केवळाबाईला पातळ पेज दिली. पोटातली कळ गेली होती, पण काल संध्याकाळचे ते शब्द तिच्या पोटात कळेसारखे बसले होते. आपण ते बोललो. त्यांच्यासमोर बोललो. आता वाडीवर गेल्यावर ओसरीवर त्यांच्या पुढून कसं जायचं? आणि त्यानंतरचं? हापसा सुरू व्हायच्या आधीचं काही त्यांच्या कानावर गेलं असेल? दार फळ्यांचंच होतं. तिला ते विचारायचंही धाडस नव्हतं आणि न विचारता राहवतही नव्हतं.

उंबऱ्यावर मुंजाजी सुपारी कातरत होते. तिने तांब्या उंबऱ्याजवळ सरकवला.

"तांब्याला सांगते," ती हळू म्हणाली, "काल थोरल्याला लय तरास झाला."

मुंजाजींचा अडकित्ता थांबला. अंगणात हापशाभोवती कालचा चिखल अजून वाळला नव्हता, आणि त्यात एक शेळी उभी होती. कुठेतरी लांब, गल्लीपलीकडे, तिचं करडू ओरडलं. मुंजाजींची मान त्या दिशेला आपोआप वळली. मग त्यांनी ती परत फिरवली.

"तांब्याला सांगतो," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं बोलावं म्हणावं. मला हल्ली कमी ऐकू यायलंय."